तिसरी किल्ली

ज्याचं पोट कुलपांवर चालतं, त्यानं कुणी दाराला कडीसुद्धा धड लावत नाही अशा गावात बिऱ्हाड न्यावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मेव्हणा तर तोंडावर म्हणाला, "दाजी, टकल्यांच्या गल्लीत कंगवे विकायला चाललात." किल्लीवाल्यानं ऐकून घेतलं. धंद्याची काळजी त्याला नव्हती असं नाही, पण माणूस एका वेळी काळजी तरी किती करणार? त्याच्या डोक्यात तेव्हा फक्त आई होती.

आईचं विसरणं आधी चष्म्यापासून सुरू झालं, मग गॅसवरच्या दुधापर्यंत गेलं, मग माणसांपर्यंत. शहरात ते चौथ्या मजल्यावर राहायचे, आणि खालचा रस्ता असा की धडधाकट माणसानंही ओलांडताना देवाचं नाव घ्यावं. एकदा दार नुसतं लोटलेलं राहिलं आणि आई जिना उतरून गेली. सापडली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बस डेपोच्या बाकड्यावर. पायात चप्पल नाही, आणि पोलिसाला समजावून सांगतेय की माझा मुलगा शाळेतून येईल, त्याला न्यायला आलेय. मुलगा पन्नाशीचा, घामाघूम होऊन समोर उभा. त्याच्याकडे बघून ती बाजूला सरकली आणि म्हणाली, "बसा ना भाऊ, दमलेले दिसता." त्या दिवसापासून किल्लीवाल्याची झोप उडाली.

गावी जायची कल्पना बायकोची. तिच्या मामाचं दोन खोल्यांचं घर तिथं रिकामं पडलं होतं आणि फळांच्या पॅकिंग शेडमध्ये तिला कामही मिळत होतं. "शहरात माणूस हरवला की हरवला," ती म्हणाली, "गावात हरवायला जागा तरी आहे का?" हे त्याला पटलं. जिन्याखालची टपरी त्यानं दुसऱ्याला दिली, किल्ल्या कापायचं मशीन चादरीत गुंडाळलं आणि आईला मधे बसवून टेम्पोत चढला.

सामान उतरवता उतरवता तो घरामागं काय आहे ते बघायला गेला. घरामागं तळं होतं. कठडा नाही, कुंपण नाही, पायऱ्या सरळ पाण्यात उतरलेल्या. बायका कपडे धूत होत्या, बदकं फिरत होती, सगळा गाव त्या तळ्यावर खूश. याला मात्र डोळ्यांपुढं पायरीवर पडलेली आईची चप्पल दिसली आणि आई कुठंच दिसेना. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं.

"घर तळ्याकाठी आहे हे सांगायचं नाही का?" त्यानं बायकोला विचारलं.

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, वा."

झालं. त्याच दिवशी त्यानं पेटीतलं सगळ्यात भारी कुलूप काढलं. दाराच्या फळीत बसवायचं, पोलादी जिभेचं, आतूनही किल्लीनंच उघडणारं. शहरात असलं कुलूप तो सराफांना बसवून द्यायचा. मागचं दार त्यानं खिळे ठोकून कायमचं बंद केलं. खिडकीला गज होतेच. किल्ल्या दोन. एक त्याच्या गळ्यात दोऱ्याला, एक बायकोची. बायको म्हणाली, तिसरी करून समोर कुणाकडे ठेवू या, अडीनडीला लागेल. त्यानं नकाराची मान हलवली. त्याच्या वडिलांचाही हाच धंदा आणि त्यांचा एक नियम होता: किल्ली घरातल्या माणसांत फिरते तोवर कुलूप, तिसऱ्याच्या हाती गेली की नुसतं लोखंड. हा नियम त्यानं गिऱ्हाइकांना जन्मभर ऐकवला होता. आता स्वतःच मोडायचा म्हणजे काय?

गावाला ते कुलूप झोंबलं. त्या गल्लीत दारं दिवसभर उघडी असायची. कुणी बाहेर गेलं तर दाराला खुर्ची आडवी लावून जायचं, तीही कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून. त्या कोंबड्या समोरच्या काकूंच्या. साठीच्या, अंगानं भरलेल्या, आवाज असा की तळ्यापलीकडचा माणूस वळून बघावा. सगळे त्यांना कोंबडीवाली काकूच म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी वाटीभर अंडी आणून दिली होती. कुलूप बसलेलं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी मागायला आल्या. "आमच्यावर लावलंय वाटतं," एवढंच म्हणाल्या.

त्यात आईची भर. ती खिडकीशी बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गोड आवाजात विचारायची, "अहो, जरा दार उघडता का? मला घरी जायचंय." ऐकणाऱ्यानं काय समजावं? गल्लीनं समजायचं ते समजून घेतलं. किल्लीवाला दिसला की लोक बोलता बोलता गप्प व्हायचे. स्टोव्ह, पंप, सायकल, काहीही दुरुस्त करून देतो असं त्यानं दारावर लिहून ठेवलं, पण दारात कुत्रं फिरकेना. मग तो बाजाराच्या गावी जाऊन काम शोधायला लागला. बायको सकाळीच शेडवर जायची, आणि हा बाहेर पडला की आई आत एकटी. बसमध्ये बसल्यावर त्याचा जीव टांगणीला लागायचा आणि परत येऊन किल्ली फिरवेपर्यंत तसाच लटकत राहायचा.

"एकदा सांगून टाका ना लोकांना," बायको म्हणायची. "आईंना असं असं होतं म्हणून. त्यात लाज कसली?"

"ती शाळेत बाई होती," तो म्हणायचा. "अख्ख्या पेठेची मुलं तिनं शिकवली. तिला लोकांनी वेडी म्हणायचं?"

बायकोचंही काही चुकत नव्हतं आणि त्याचंही मन कळत होतं, हीच तर पंचाईत.

त्या दिवशी बस लवकर आली. रोज निघताना तो गॅसच्या सिलिंडरचा खटका बंद करायचा. त्या दिवशी कोपऱ्यावर हॉर्न वाजला, तसा तो तसाच धावला. कुलूप मात्र तीनदा ओढून पाहिलं. बाजारात एका पेढीच्या कपाटाचं कुलूप खोलून बसला होता, तेवढ्यात बायकोचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"अहो, काकूंनी मला शेडवरून बोलावून घेतलं, घरातून गॅसचा वास येतोय. आई आत आहेत. माझी किल्ली सकाळी आतच खिळ्यावर राहिली."

"दार फोडा," तो म्हणाला.

"पहार आणलीय. काकू हात लावू देत नाहीत, ठिणगी उडेल म्हणतात." मग ती रडायलाच लागली. "आणि तुमचं कुलूप तुटायचं थोडंच आहे?"

दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल गावाकडे निघाली होती. तो मागं बसला. हात कॅनला धरायचे की गळ्यातल्या किल्लीला, हे त्याला समजेना. शहरात त्यानं शेकड्यांनी दारं उघडली होती, आणि काही दारांआड काय सापडतं तेही पाहिलं होतं. आधी वास यायचा, शेजारी नाकाला रुमाल लावून उभे असायचे, आणि कुणीतरी हमखास म्हणायचं, किल्ली कुणाकडेच नव्हती हो. ते वाक्य आता गाडीच्या आवाजाबरोबर त्याच्या कानात वाजत होतं. दूधवाल्याला तो सारखा म्हणत होता, जरा जोरात घ्या. दूधवाला म्हणाला, "याहून जोरात गेलो तर आपणच पोचणार नाही."

गल्लीत माणसं जमली होती, पण आवाज कुणाचाच नव्हता. सगळे भिंतीला चिकटून उभे. त्याला वाटलं, संपलं. मग खिडकी दिसली.

खिडकीशी कोंबडीवाली काकू गजांना पाठ टेकून स्टुलावर बसल्या होत्या. केस मोकळे सोडलेले. आणि आतून आई गजांमधून दोन्ही हात बाहेर काढून त्यांचे केस विंचरत होती. अगदी मन लावून, गुंता सोडवत, शाळेतल्या मुलीला दटावावं तशी दटावत, "हलू नकोस गं. किती दिवसांत तेल नाही लावलंस?"

"चुकलं बाई," काकू म्हणत होत्या. तोच आवाज, तळ्यापलीकडे जाणारा, पण इतका हळू की त्यांचा वाटू नये. त्यांच्या मांडीवर काडेपेटी होती. नंतर कळलं ते असं. वास आल्यावर त्यांनी आईला खिळ्यावरची किल्ली मागितली. आई आत गेली, वाटेत कशाला आलो तेच विसरली आणि काडेपेटी घेऊन परत आली. म्हणाली, एवढे पाहुणे दारात आलेत, चहा टाकते. काकू म्हणाल्या, "चहा राहू द्या बाई, आधी माझी वेणी घालून द्या, शाळेला उशीर होतोय." आणि त्यांनी वळून पाठ केली. वेणीला दोन हात लागतात. आईनं काडेपेटी त्यांच्याच हातात दिली.

किल्लीवाला दारापाशी गेला. लोकांची कुलपं त्यानं डोळे मिटून उघडली होती. आज स्वतःच्या किल्लीचं तोंड स्वतःच्या कुलपात जाईना. बायकोनं त्याचं मनगट घट्ट धरलं, तेव्हा कुठं किल्ली फिरली. तो श्वास रोखून आत गेला, खटका बंद केला, आईला अलगद उचलून अंगणात आणलं. ती इतकी हलकी होती की त्याला रडू आलं, आणि सगळ्या गल्लीसमोर तो रडला.

"ह्यांना काय झालं?" आईनं काकूंना विचारलं.

"काही नाही बाई, दमलेत."

कुणी त्याला बोल लावला नाही. तेच त्याला सोसेना. डोळे पुसत तो म्हणाला, "आईला विसरायला होतं. मागं तळं आहे, म्हणून कुलूप लावत होतो."

अर्धी वेणी खांद्यावर टाकून काकू उठल्या. "ते तर तुम्ही टेम्पोतून उतरलात तेव्हाच कळलं आम्हाला. त्यांनी माझ्या कोंबड्यांची हजेरी घेतली होती. कुलूप कशाला ते कळलं नव्हतं. तळ्याचं म्हणशील तर आमचीही पोरं त्याच काठी वाढली. एकट्या आईच्या जिवावर कुठं वाढतात पोरं? ज्याच्या नजरेस पडेल तो बघतो." अहोजाहोवरून त्या अरेतुरेवर कधी आल्या ते दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लीवाल्यानं मशीनवरची चादर काढली आणि दुपारपर्यंत त्या मशीनचा कर्कश आवाज गल्लीनं ऐकला. गल्लीत जेवढी घरं, तेवढ्या किल्ल्या त्यानं कापल्या. प्रत्येक कानस मारून गुळगुळीत केली, कुलपात फिरवून पाहिली, आणि एकेका दारात स्वतः जाऊन दिली. वडील असते तर त्यांनी त्याला धंद्यातून काढून टाकलं असतं. लोक किल्ली हातात घेऊन थोडे लाजले; असली वस्तू कुठं ठेवायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. काकूंनी ती अंड्यांच्या टोपलीत टाकली.

तेवढ्यानं काळजी गेली असं समजू नका. काळजी अशी जाते होय? बाजाराच्या दिवशी त्यानं खटका बंद केला, दाराला कुलूप लावलं, तीनदा ओढलं आणि निघाला. कोपऱ्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागं ते कुलूप उघडल्याचा आवाज आला. जन्मभर त्यानं लोकांना सांगितलं होतं, हा आवाज परक्या हातानं झाला की समजा घर बुडालं. मागं वळून पाहिलं नाही, असं तो आजही सांगतो. पाहिलं होतं. दोनदा.

बस तळ्याच्या कडेनं वळली. खिडकीतून त्याला पायऱ्या दिसल्या. पाण्याला लागून काकू बसल्या होत्या, आणि त्यांच्यामागं वरच्या पायरीवर आई. काकूंचे केस तिच्या दोन्ही हातांत होते. पाणी दोघींच्या पायांपासून हातभर. काकू मान मागं टाकून काहीतरी बोलत होत्या आणि आई हसत होती. इतक्या लांबून आवाज येत नव्हता. किल्लीवाला जागेवरून उठला.

"उतरायचंय का?" कंडक्टरनं विचारलं.

त्यानं पुढच्या सीटची दांडी धरली. बस थांबायला तयार होती. तळं हळूहळू मागं चाललं होतं.

"नाही," तो म्हणाला आणि खाली बसला. "बाजाराचं एक द्या."