उखर्डूची सव्वा मूठ

उखर्डूला मी पहिल्यांदा पाहिला तो भांडायला गेलो होतो तेव्हा. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर मिशनची जीप येते, दोन बांबूंना पांढरं कापड बांधते आणि येशूच्या जीवनाचा सिनेमा फुकट दाखवते, असं कानावर आलं होतं. सत्त्याऐंशीचा हिवाळा. जिनिंगच्या मजुरांची आमची युनियन नवी होती. ज्यांना पुरती मजुरी मिळत नाही त्यांना देव फुकट वाटणाऱ्याची कॉलर धरली पाहिजे, मग तो कुठल्याही धर्माचा असो, असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

पोचलो तर पडद्यावर येशूचे ओठ हलत होते आणि आवाज बंद. मशीनपाशी मफलर गुंडाळलेला एक काटकुळा माणूस उभा होता आणि अहिराणीत ओरडत होता. सिनेमातली मराठी पुस्तकातली, शिकलेल्यालाही जड जाईल अशी. पाड्यावरचे लोक घरात पावरी बोलतात, पण बाजारामुळे अहिराणी सगळ्यांना कळते. म्हणून हा आवाज बंद करून स्वतःच गोष्ट सांगायचा.

पडद्यावर बाळ गव्हाणीत ठेवलेलं होतं. हा ओरडला, "या पोऱ्याना आगोदरना भाऊ-बहिणी जगनात नही! म्हनीसन मायनी त्याले गव्हानमा टाकं. मना मायनी माले उकिरडावर टाकं व्हतं. एकच गोट शे!"

बायकांनी च्‌ च्‌ केलं. मी भांडायचं विसरलो.

नावाचा अर्थ इकडे कुणाला सांगावा लागत नाही. मूल जगत नसलं की नव्या बाळाला जन्मताच उकिरड्यावर लोळवायचं, म्हणजे मरणाला ते कचऱ्यातलं वाटतं आणि ते हात लावत नाही. असे उखर्डू आमच्या प्रत्येक गावात आहेत. हा उखर्डू शिंदखेडा तालुक्यातला, थोड्याशा कोरडवाहू जमिनीचा धनी. पण त्याचं आयुष्य गेलं तंबू टॉकीजमध्ये मशीन चालवण्यात. यात्रा संपली की तंबू गुंडाळायचा, पुढच्या यात्रेला उभा करायचा. मग गल्लोगल्ली व्हिडिओ आला, तंबू बसला, मालकाने मशीन भंगारात घातलं. मिशनचे पंडित सर ऑपरेटर शोधत होते, त्यांनी याला उचललं. उखर्डू ख्रिस्ती झाला नव्हता. त्यांनी त्याला तसं कधी विचारलंही नव्हतं. हे मी मिशनचा मित्र म्हणून लिहीत नाही. मी त्यांचा मित्र नाही.

त्या दिवशी रीळ बदलताना मी त्याला म्हटलं, "अरे बाबा, गव्हाण म्हणजे गरिबीची खूण आहे. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून तिथे ठेवलं."

"बाळंतीणले जागा कोन नही देस?" त्याने मलाच झापलं. "काहीबी सांगतस!"

त्याच्याकडे सगळ्या खुणांचे असेच अर्थ होते. मेंढपाळ खांद्यावर कोकरू घेऊन येतो, ते नवसाचं बकरं. "पन हाऊ माणूस ते कापस नही, परत घर लई जास." आणि शेवटी खिळे ठोकतात तेव्हा खालच्या आवाजात, "आते तोच बकरं." काट्यांचा मुकुट बाभळीचा. पाय धुणं म्हणजे जावयाचे धुतात तसं, फक्त इथे गुरूच उलटा चेल्यांपुढे बसलाय, म्हणून ते लाजताहेत. पंडित सर कपाळाला हात लावायचे. बकऱ्याचं मात्र त्यांना पटायचं. "तेवढं बरोबर सांगतो," ते मला म्हणाले, "पण कसं ते त्याचं त्यालाही माहीत नाही."

आणि शेवटचं जेवण आलं की उखर्डूचा आवाज चढायचा. येशू भाकर मोडतो, बारा जणांना देतो. उखर्डूच्या लेखी तो कानबाईचा रोट होता.

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशची श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. आदल्या दिवशी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू एका टोपल्यात पडतो. तो एकत्र दळायचा, त्याचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा नाही. ज्याची मूठ टोपल्यात, तो घरातला. ज्याची नाही, तो मेला तरी सुतक नाही.

"देखा, ज्यानी त्याले ईकं, त्यालेबी तो रोट दी ऱ्हायना!" येशूला विकणाऱ्या शिष्याकडे बोट दाखवत उखर्डू सांगायचा. "वैरी व्हयना तरी भाऊबंद शे तो. घरमातलाच निंघना!"

पाड्यांवर हे खपून जायचं. तिथे कानबाई बसत नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात उखर्डूच्या मुलीचं, सुगंधाचं, जमलं. नरडाण्याचे मगन नाना, त्यांचा मुलगा रेल्वेत गँगमन. साखरपुडा झाला, लग्न दिवाळीनंतर ठरलं. सरकारी नोकरीचा जावई, तोही हुंड्यासाठी न अडलेला. उखर्डू छाती काढून चालायला लागला. त्याच भरात तो पंडित सरांना म्हणाला, "एक खेळ मना गावले लावा. बठ्ठा गावनी देखू दे मी काय काम करस ते."

सर नको म्हणत होते. याने हट्ट धरला.

गाव जमला. पुढे बाजेवर रुपचंद आबा, उखर्डूचे थोरले चुलतभाऊ, भाऊबंदकीचे कारभारी. कानबाई त्यांच्याच घरी बसायची. या आबांनी त्याच वर्षी भाऊबंदकीच्या सामाईक विहिरीचं वावर परस्पर एका वीटभट्टीवाल्याला विकलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. आबांच्या तोंडावर कुणी बोलत नव्हतं.

भाकरीचा प्रसंग आला. उखर्डू नेहमीसारखा रंगला. "हाऊ रोट शे! ज्यानी ईकं, त्यालेबी रोट! घरमातलाच निंघना!"

मागून कुणीतरी खिदळलं. मग आख्खं मैदान हसलं. सगळ्या माना आबांच्या बाजेकडे. उखर्डूची नजर रिळावर होती, त्याला वाटलं आपलं सांगणं रंगलं. त्याने तेच वाक्य पुन्हा, आणखी जोरात म्हटलं.

आबा उठले, धोतर झटकलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गावात विहिरीबद्दल एक शब्द नव्हता. एकच वाक्य फिरत होतं: उखर्डू बाटला. आपल्या कानबाईचा रोट त्याने येशूला दिला. ज्यांच्या विहिरीचं पाणी गेलं होतं तेही हेच बोलत होते, कारण आबांशी भांडण्यापेक्षा हे सोपं होतं. धर्म बुडाल्याची बोंब पहिल्यांदा कोण मारतो आणि त्याच्या घरात काय दडलेलं असतं, हे मी चळवळीत इतक्यांदा पाहिलंय की आता संतापही येत नाही. खोटं बोललो. येतो.

उखर्डूच्या बायकोने, झुंबरबाईने, त्याला उभा सोलला. "तो येशूबी कचेरीमा तोंड बंद ठीसन उभा ऱ्हायना व्हता. तूच त्याना वकील व्हयना!"

श्रावण जवळ आला तसा उखर्डू सुकत गेला. मगन नानांनी निरोप धाडला होता: कानबाईला येतो, तुमच्या भाऊबंदांना भेटतो, मग पुढचं बोलू. म्हणजे मूठ टोपल्यात पडली तर लग्न, नाही तर नाही. मी त्याला घेऊन आबांकडे गेलो.

"आबा," उखर्डू म्हणाला, "मी मशीन फिरावस. धरम नही फिरावत."

"मंग माले काय सांगस? त्या बारा जणसले सांग." आबांनी पानाला चुना लावला. "तुना रोट तठे."

मी म्हटलं, "आबा, वीटभट्टीवाल्याने दिलेल्या पैशांतून कानबाईची साडी आणणार का?"

"पुढारी, च्या लेवा आन घर जा," आबा म्हणाले. चहा आलाच नाही.

मग आम्ही धुळ्याला पंडित सरांकडे गेलो. उखर्डूची विनंती साधी होती: गावात या, चारचौघांत सांगा, हा आमचा नाही.

सरांनी चष्मा पुसला. "मी गावात पाऊल टाकलं तर तुमचं उरलंसुरलंही जाईल, उखर्डू. म्हणतील, पाद्री सोडवायला आला." हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. पुढे ते म्हणाले, "आणि वरून विचारणा झाली आहे. प्रभूच्या भाकरीला तुम्ही देवीचा रोट म्हणता, ही तक्रार गेली आहे. यापुढे आवाज चालू ठेवायचा. तुम्ही बोलायचं नाही."

"मंग माले काय करता ठेवं?"

"मशीनसाठी."

उखर्डू जिना उतरला. दोन्ही देवांच्या माणसांनी त्याला एकाच वाक्यासाठी दाराबाहेर काढलं होतं. रस्त्यावर तो मला म्हणाला, "भाऊ, मी काय वाईट सांगं? खावानं शे, वाटानं शे, तेच ते सांगं."

शनिवारी आबांच्या ओट्यावर टोपलं मांडलं होतं. आबांची बायको भिकुबाई टोपल्यामागे बसलेली, पुरुष एकेक करून येत होते, तांदळासारखे निवडलेले गहू मुठीने सोडत होते. मगन नाना बाजूला बाकड्यावर बशीतून चहा पीत होते. उखर्डू धुतलेला सदरा घालून आला. मूठ घट्ट आवळलेली. झुंबरबाई आणि सुगंधा समोरच्या भिंतीशी उभ्या राहिल्या.

तो टोपल्यापुढे वाकला. भिकुबाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि टोपल्यावर पदर ओढला. तेवढंच. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. मागच्या माणसाने उखर्डूच्या बाजूने हात घातला, त्याच्यासाठी तिने पदर वर केला, आणि तो आपले गहू टाकून गेला. त्याच्या मागचाही. उखर्डू मूठ पुढे धरून तसाच वाकलेला. शेवटी बोटांतून दाणे ओट्यावर गळायला लागले आणि आबांच्या कोंबड्या आल्या.

मगन नानांनी बशी खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. "पाव्हणा, आम्हना काही इरोध नही," ते म्हणाले. "पन तुमना भाऊबंदच तुमले धरतस नही, ते आम्ही कसा धरूत?"

मी ओट्यावर चढून आबांना जे बोलायचं ते बोललो. विहीर, भट्टी, सगळं. लोकांनी ऐकलं आणि माना खाली घालून गहू दळायला नेले.

सुगंधाला त्या वर्षअखेरीस सुरतेकडच्या एका बिजवराला दिली. त्याची आधीची मुलं तिच्याच वयाला टेकलेली. लग्नात भाऊबंदकीतून कुणी आलं नाही. उखर्डूने पंडित सरांचं काम सोडलं आणि आमच्याकडे जिनिंगला कापसाचे गठ्ठे ओढायला लागला. त्याच्या आवाजावर माझा डोळा होता. म्हटलं, गेट-मीटिंगला बोल, पाच मिनिटं.

"नको भाऊ," तो म्हणाला. "मी बोलस एक, गाव समजस दुसरं."

मी त्याला पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या श्रावणात आबांनी त्याची मूठ घेतली. स्वतः बोलावणं धाडलं, 'झालं गेलं' म्हणाले. आता अडवून कुणाचं काही बिघडणार नव्हतं. उखर्डू गेला, गहू टाकले, रविवारी पंगतीत बसला. मी त्याला विचारलं, का गेलास?

"मरसू तवय खांदा कोन देई?" तो म्हणाला, आणि गठ्ठ्याला ओढायचा लोखंडी आकडा लावला.

सुगंधाला त्या सणाला माहेरी धाडलं नव्हतं. तिचा निरोप आला होता, तब्येत बरी नाही. झुंबरबाई जाऊन पाहून आली. काय पाहिलं ते तिने कुणालाच सांगितलं नाही.