कड्यावरची वैनी

मुलांनो, दोर बांधून कडा चढतानाचा तुमचा फोटो पाहिला आणि मला देवगडची एक बाई आठवली. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. सगळ्या तिला वैनी म्हणत. ओहोटीला बायका कालवं काढायला कड्याखाली उतरत, तेव्हा पुढे ती असे. तिला कोणी नेमलं नव्हतं. पाय ठेवण्याआधी प्रत्येक दगड ती गाय थोपटावी तसा थोपटायची.

मी नवी सून, हौसेने गेले. परतताना भरती लागली आणि अर्ध्या कड्यावर मी खडकाला चिकटून बसले. वैनीने तिथल्या रिवाजाप्रमाणे आपला पदर माझ्या पदराला बांधला.

"बघा गो, दोगींचा लगीन लागला!" खालून कोणीतरी ओरडली. पाणी त्यांच्या घोट्यांशी आलं होतं, तरी हसत होत्या.

शेवटच्या उभ्या टप्प्याखाली वैनीने गाठ सोडली.

"वैनी, सोडू नका ना!"

"हय गाठ नको गो बाय. तू पडलंस तर मीय पडान. मगे ह्येंका वर कोण काढतलो?"

वर जाऊन ती पालथी झोपली आणि माझं एकेक बोट कुठल्या खाचेत घालायचं ते सांगत राहिली. मग एकेकीला तिने तसंच वर आणलं.

खाली सगळ्यांवर लक्ष ठेवण्यात तिची टोपली रिकामीच राहिली होती. प्रत्येकीने आपल्यातली मूठभर कालवं तिच्या टोपलीत टाकली. मीही टाकली. माझी तेवढी तिने परत केली.

"तुझी तुका रवांदेत गो. सासूक काय दाखवतलंस?"