बोट लागते का?

आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू एका दुकानात मिळत नाही. सोलापूरच्या भवानी पेठेत चादर घ्यायला गेलो आणि पहिल्याच दुकानात मनासारखी चादर निघाली, तर ते खूश व्हायचं सोडून बेचैन होतात. "फुडं बघू की जरा," म्हणतात. पुढच्या दुकानात चादरीचं टोक उलटून मागची वीण बघतात, नखानं धागा ओढून बघतात, दुकानदाराशी गप्पा मारत चहा पितात आणि शेवटी फिरून पहिल्या दुकानात येतात. तोवर ती चादर दुसऱ्या कुणीतरी नेलेली असते. मिक्सर निवडायला तर ह्यांनी इतका वेळ लावला की पाट्यावर वाटून वाटून माझं मनगट धरलं होतं. मी शाळेत शिकवायचे. तास संपायच्या आत धडा संपवायची मला सवय. त्यामुळं एक दिवस जेवताजेवता ह्यांनी "आपन बोटीनं फिरून येऊ" असं काढलं, तेव्हा आनंद व्हायच्या आधी मी धास्तावले. आता हा माणूस जगातल्या सगळ्या बोटी उलटून बघणार, हे मला भाकरी मोडतानाच कळलं होतं.

बोटच का, ते मला विचारावं लागलं नाही. ह्यांचं गाव मंगळवेढ्याकडचं, काळ्या रानातलं, ज्वारीचं. पाण्याचं तिथं लहानपणापासून अप्रूप. नोकरी केली ती पाणीपुरवठा खात्यात, कारकुनाची. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे काही मी नव्यानं सांगायला नको. त्यामुळं हे बाहेरच्या कट्ट्यावर नुसते येऊन बसले तरी येणारा-जाणारा विचारायचा, "काय साहेब, पाणी कधी येणार?" ह्यांच्या हातात काय असायचं? टेबलावरचे कागद. पण गल्लीत कुणी "पाणी आलंऽऽ" अशी आरोळी ठोकली आणि बायाबापड्या घागरी घेऊन पळाल्या, की ह्यांचा चेहरा असा उजळायचा, जसं काही ते पाणी ह्यांनीच खांद्यावरून वाहून आणलंय. लग्नानंतर पहिल्या-दुसऱ्या वर्षी कधीतरी मला म्हणाले होते, "एकदा आसं हुबं ऱ्हायाचंय, की चारी बाजूला निस्तं पानीच पानी. जमीन कुटंच न्हाय." मी ते विसरले नव्हते. ते तर विसरणं शक्यच नव्हतं.

अडचण माझी होती. मला गाडी लागते. हे वाक्य मी आयुष्यात माझ्या नावापेक्षा जास्त वेळा सांगितलं असेल. रेल्वेत कसंबसं निभतं, पण एस.टी., जीप, कुणाची नवीकोरी कार, काहीही असो, वास नाकात गेला की संपलं. मंगळवेढ्याला सासरी जायचं म्हणजे आमचा ठरलेला कार्यक्रम असायचा. स्टँडवर गाडी लागली रे लागली की हे बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. खिडकी माझी. हातात अर्धं लिंबू, मांडीवर पिशवी, आणि गाडी स्टँडच्या बाहेर पडायच्या आत माझे डोळे गच्च मिटलेले. मिटल्या डोळ्यांनी मी विचारायचे, "काय आलं?" आणि हे सांगायचे. "तिऱ्हे आलं. शीना नदीत पानी हाय थोडं." मग जरा वेळानं, "कामती आली. ज्वारी निसवलीय बघ, लई देखणी." मी कुठली बघतेय. "बेगमपूरचा पूल आला. आता भीमा." भीमा आली की ह्यांचा आवाज बदलायचा, पाणी किती आहे, कुठल्या काठाला म्हशी बसल्यात, सगळं सांगायचे. तो रस्ता मला अजून तोंडपाठ आहे आणि मी तो कधी धड पाहिलेला नाही.

शाळेच्या सहलींना मी कधी गेले नाही. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. वाटायचं ते ह्यांच्यासाठी. ऑफिसातले लोक गोव्याला गेले, केरळला गेले. दर वेळी हे घरी येऊन सांगायचे, "रजा न्हाय मिळाली." ह्यांच्या रजा शिल्लक राहून वाया जायच्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते. म्हणून बोटीचं निघालं तेव्हा माझ्या मनात भीती होती ती एवढीच: आयुष्यभर दाबून ठेवलेली ह्यांची एकुलती एक हौस, आणि ती माझ्या पोटापायी वाया जायची.

आणि मग बोटी बघणं सुरू झालं. रात्रीची जेवणं झाली की साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवायचा आणि आम्ही दोघांनी समोर बसायचं. सुरुवात झाली अमेरिकेकडच्या कंपन्यांपासून. त्यांची जहाजं म्हणजे पाण्यावर उभं केलेलं अख्खं गाव. "ह्ये नवीन हाय, यंदाचं. गेल्या सालचं ह्याच्याम्होरं होडी." त्यात पाण्याच्या घसरगुंड्या, नाटकाचं थिएटर, खऱ्या झाडांची बाग, आणि एकात तर चक्क बर्फावर घसरायची जागा. मी म्हटलं, "आपण उन्हाळ्यात गच्चीवर उभे राहिलो तर तळपाय भाजतात. बर्फावर घसरायला तुम्हाला डॉक्टरनं सांगितलंय का?" त्यावर हे गंभीरपणे म्हणाले, "घसरायचं न्हाय गं, असावं म्हंजे."

मग सिंगापूरहून सुटणारी जहाजं आली. त्यात आपल्या लोकांसाठी खिचडी-कढी, जैन जेवण वेगळं. पण आधी विमान. विमान लागतं का, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. ते मागं पडलं. मग मुंबईहून सुटणारी: एक परदेशातून जुनी घेऊन रंगवलेली, एक त्यामानानं नवी पण तिचे दिवस आणि मुक्काम सारखे बदलायचे. ह्यांना कंपन्यांची नावं आठवायची नाहीत, म्हणून ह्यांनी आपली नावं ठेवली होती. निळ्या पट्ट्याची, देवमाशाच्या चित्राची, खिचडीवाली. प्रत्येकीची स्तुती एकदा ऐकायचे आणि तक्रारी चार वेळा. चादर उलटून बघायची सवय, दुसरं काय.

दरांची तर वेगळीच गंमत. जाहिरातीत भाडं दिसायचं एक, आणि खाली बारीक अक्षरात बंदराचे पैसे, कर, बक्षिसी. मला मंगल कार्यालयाची आठवण झाली. हॉलचं भाडं सांगतात, मग लाईट वेगळी, भांडी वेगळी, झाडलोट वेगळी, आणि शेवटी नवरदेव तेवढा आपला. जेवण फुकट, पण सरबताचं पॅकेज घ्यायचं. आणि बक्षिसी सक्तीची! माझा पाराच चढला. "सक्तीची असेल तर तिला बक्षिसी कशी म्हणायची? वर्गणी म्हणा." हे म्हणाले, "बाई, शाळा सुटली आता." चिडवायचं असलं की हे मला बाई म्हणतात.

असं किती चाललं, मी मोजलं नाही. मध्ये एक दिवाळी गेली. मला वाटायचं, ह्या माणसाला बोटीनं जायचं नाहीच, बघायचं तेवढंच आहे. शेवटी वैतागून मी म्हटलं, आज ठरवा नाही तर मोबाईल डब्यात ठेवून झाकण लावते. तेव्हा कुठं हे मला घेऊन सात रस्त्याजवळच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात आले. ऑफिस चालवणारी बाई हसऱ्या चेहऱ्याची, आमच्या लेकीच्या वयाची असेल. फोनवर आईशी भरभर तेलुगूत बोलत होती. फोन ठेवून आम्हाला म्हणाली, "या काका. काकूंना आणलंत होय आज?" म्हणजे हे इथं आधी येऊन गेलेत, हे मला तिथं कळलं. मुंबई-गोव्याची, त्यातल्या त्यात मोठी बोट ह्यांनी नक्की केली होती. बाईनं संगणकावर काहीतरी उघडलं आणि विचारलं, "बोट लागते का?"

हे ताबडतोब म्हणाले, "लागते की. आधी गोव्याला लागते, मग परत मुंबईला."

बाई ओठ दाबून हसू आवरत म्हणाली, "तसं नाही काका. काकूंना बोट लागते का?"

"ते चढल्याबिगर कसं कळणार?"

मी म्हटलं, "ते राहू द्या. मला सांगा, खोलीची खिडकी उघडते का?"

"जहाजाची? नाही हो काकू. पक्की बंद असते."

"मला उघडी खिडकी लागते. मग गॅलरी असलेली खोली द्या."

"गॅलरी नगं," हे म्हणाले. "आतली बघा. बिनखिडकीची. खालच्या मजल्यावर, मधली."

माझं डोकं फिरलं. एवढी सगळी जहाजं पालथी घालून, घसरगुंड्या आणि बागा बघून, हा माणूस शेवटी कोठीची खोली मागतो! मी परक्या ऑफिसात आहे हे विसरून बोलायला लागले. दिवाणखाना सोडून माळ्यावर झोपायचंय का तुम्हाला, वगैरे. हे नुसते समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. शेवटी बाईनंच मला थांबवलं.

"काकू, काका इथं कितीदा येऊन गेलेत. पोहायचा तलाव विचारत नाहीत, नाच-गाणं विचारत नाहीत. दर वेळी एकच विचारतात, कुठलं जहाज कमी हलतं. आणि त्यात कुठली खोली कमी हलते. मीच सांगितलं, खालची आणि मधोमधची."

"येष्टीत मागच्या चाकावर बसत न्हाईत, तसंच हाय ते," हे कॅलेंडरला म्हणाले.

मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो. "आणि चारी बाजूंनी पाणी बघायचंय म्हणत होता, ते काय भिंतीत बघणार? गॅलरी मी काय माझ्यासाठी मागत होते?" माझा आवाज इतका चढला की बाहेर रिक्षावाला वळून बघायला लागला. हे माझ्याकडे बघतच राहिले. लग्नाच्या पहिल्या वर्षातलं ते बोलणं मी ध्यानात ठेवलं असेल, असं त्यांना कधी वाटलंच नसावं.

बाईनं आम्हाला पाणी दिलं. मग म्हणाली, मधोमध, खालच्या मजल्यावर, पण खिडकी असलेली एक खोली आहे. उघडत तेवढी नाही.

"उघडत नाही ती खिडकी कसली?" मी अजून रागातच होते. "काय करायचं तिचं?"

"बघायचं की," हे म्हणाले.

खिडकी बघायला असते, हे मला खरंच सुचलं नव्हतं. आयुष्यभर खिडकीशी बसले ती डोळे मिटून आणि तोंडाला पदर लावून. बघायचं काम ह्यांचं होतं.

ती खोली आम्ही घेतली. निघताना मी पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि लिंबं घेतली. भाकरी-चटणी रेल्वेतच संपली. बंदरावर सामान तपासणाऱ्या बाईनं लिंबं हातात घेऊन बघितली आणि काही न विचारता परत ठेवली. जहाजावर चढल्याचढल्या हे तपासणीला आलेल्या साहेबासारखे फिरले. थिएटर आहे, तलाव आहे पण चित्रात दाखवलाय त्यापेक्षा लहान आहे, जेवणात वांग्याची भाजी बरी आहे पण कूट कमी. मी आपली पोटाकडं लक्ष ठेवून होते. पहिला दिवस गेला. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वर डेकवर कठड्याला उभे होतो. एका बाजूला अजून किनाऱ्याची पुसट रेघ दिसत होती. हे तिच्याकडंच टक लावून होते. "ती रेघ गेली की झालं," म्हणाले. वारा वाढला होता, जहाज आता चांगलंच हलत होतं. मी पदरात लिंबू धरून वाट बघत होते आणि मला चक्क भूक लागली होती. वळून बघते तर ह्यांचा चेहरा पांढराफटक. कपाळाला घाम. कठडा दोन्ही हातांनी धरलेला.

बोट लागली. मला नाही, ह्यांना.

धरून धरून खाली आणलं, पलंगावर निजवलं. लिंबू कापून हातात दिलं, पिशवी उशाशी ठेवली. हे सगळं मला कुणी शिकवायला नको होतं. ह्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. मला वाईट वाटत होतं. एवढं वाईट, की त्या बोटीवर, वाऱ्यावर, बक्षिसी घेणाऱ्यांवर, सगळ्यांवर राग येत होता. आयुष्यभर थांबून माणूस इथवर आला, आणि ती रेघ पुसायच्या आत त्याला डोळे मिटावे लागले. मी खिडकीशी जाऊन बसले. पहिल्यांदाच, डोळे उघडे ठेवून.

जरा वेळानं मागून बारीक आवाज आला. "काय आलं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

किनाऱ्याच्या बाजूची ती काच मी पदरानं पुसली आणि नीट बघितलं. रेघ गेली होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मी शोधून बघितली. जमीन कुठंच नव्हती.

"अहो," मी म्हटलं, "पाणी आलं."