बॅन्शीचा निळा रेनकोट

"ही किंचाळली की समोरचा माणूस मरतो?"

"मरतो, काकू. फॅन्टसी आहे ती."

"आणि हिला निळा रेनकोट कशाला घातलास?"

इरानं दाराकडे पाहिलं. माउंट रॉस्किल उपनगरातल्या त्या स्वयंपाकघरात दारामागच्या खुंटीवर एक निळा रेनकोट लटकत होता. आशालताकाकूंनी इराच्या कादंबरीची पानं टेबलावर ठेवली आणि चहाखालचा गॅस बारीक केला.

शहाण्णव साली काकू देश सोडून इथं नवीन आल्या होत्या, तेव्हा आई गेल्याचं त्यांना आन्सरिंग मशीननं सांगितलं. हातात भाजीच्या पिशव्या, घरात कुणी नाही. भावाचा आवाज त्यांनी दोनदा ऐकला, पहिल्यांदा खरंच वाटलं नाही. त्यानंतर त्यांनी इथल्या ओळखीच्या मराठी घरांच्या तिकडच्या नातेवाइकांना बजावून ठेवलं: तुमच्याकडं कुणी वारलं तर इथल्या माणसाला थेट कळवू नका, मला फोन करा. मग रेनकोट चढवून त्या जायच्या. आधी गॅस बंद करायच्या, माणसाला बसवायच्या, मग सांगायच्या. विमानाचं तिकीट हातात पडेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. कोट दिसला की निम्मं सांगून झालेलं असायचं, त्याचं त्यांना बरंच वाटायचं.

दहा वर्षांत तोच कोट नडायला लागला. पोरं त्यांना मागून बॅन्शी म्हणायची. त्यांच्या गेममध्ये, जाडजूड पुस्तकांत बॅन्शी म्हणजे किंकाळीनं जीव घेणारी भुताळी. गेल्या महिन्यात काकू ओळखीतल्या लीलाकडे गणपतीचं आमंत्रण घेऊन गेल्या. पाऊस होता म्हणून अंगात तोच कोट. लीलानं काचेतून पाहिलं आणि दार उघडलंच नाही. आतून रडणं ऐकू आलं. काकूंनी आमंत्रण पायरीवर ठेवलं आणि त्या दिवशी ठरवलं, बास, आता कुणाकडे जायचं नाही.

शेजारची नोरा आयर्लंडची. तिच्या आजीच्या गोष्टींतली बॅन्शी कुणाला मारत नव्हती, हे काकूंनी इराला पुन्हा एकदा सांगितलं. ती एकेका घराण्याची असायची. घरातलं माणूस जाणार असलं की आधी बाहेर उभी राहून रडायची.

"त्यांचीच असते, म्हणून रडते. तू तिला खुनी केलंस."

"नुसती रडणारी बाई कोण वाचणार? सगळीकडे ती अशीच असते आता."

"असू दे सगळीकडे. तू तर मला ओळखतेस ना?"

इरा कोटाचा रंग बदलायला तयार झाली. रंगाचं मी बोलतच नाही, काकू म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून, लीलाचा भाऊ. काकू ऐकत राहिल्या, एकदा फक्त किती वाजता ते विचारलं. फोन ठेवून त्यांनी गॅस बंद केला.

इरा ते बघून उभीच राहिली. "कोण गेलं?"

"लीलाचे वडील."

"पण तुम्ही सोडलंय हे. शशिकांतकाकांना ऑफिसात कळवू या."

शशिकांत, लीलाचा नवरा, शहराच्या दुसऱ्या टोकाला बॉटनी उपनगरात कामाला होता. यायला त्याला तास लागला असता. काकूंनी खुंटीवरचा कोट काढला.

"निदान तो तरी नका घालू. बाहेर पाऊसही नाहीये. तो बघून ती दार उघडेल का, काकू?"

काकूंनी गळ्यापर्यंत बटणं लावली, टेबलावरची पानं एकावर एक नीट रचली आणि त्या बाहेर पडल्या.