मिठाचा डबा

आमच्या अमरावतीच्या गल्लीत चारचा चहा झाला की बाया ओट्यावर येऊन बसतात आणि कुणाचा ना कुणाचा किस्सा निघतोच. कुसुमकाकूंचे तर इतके साठले होते की सांगता सांगता दिवेलागण व्हायची. तेव्हा हसून पोट दुखायचं. आता तेच किस्से ओळीनं लावून पाहते, तर हसू येत नाही.

*

उन्हाळ्यात सगळ्या गल्लीच्या कुरोड्या एकाच दिवशी, एकाच गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात होतात. चीक घाटायचं काम आमचं, पण आधणात मीठ टाकायचा मान काकूंचा. चमचा नाही, माप नाही. मूठ उघडली की झालं! तीन वर्षांपूर्वी काकूंनी मीठ टाकलं, हिंग टाकला, अन् पुन्हा मीठ टाकलं. वर्षभराच्या कुरोड्या खारट!

"काकू, कुरोडी हाय का समुद्र?" मी म्हटलं.

सगळ्यांत जास्त काकूच हसल्या.

*

एका सकाळी वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. दिलं. तासाभरानं परत आल्या. परत दिलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी म्हटलं, "काकू, दह्याचं दुकान टाकून रायल्या का?"

त्या वाटीकडे पाहत राहिल्या. "पहिले आली होती का मी?"

"नाही वं, गंमत केली."

खरं सांगायला पाहिजे होतं.

*

काकूंचं माहेर दर्यापूर. चाळीस वर्षांचा रस्ता! पण एकदा माहेरी म्हणून निघाल्या अन् पार उलट्या दिशेला, मोझरीच्या आश्रमापाशी उतरल्या. आमच्या कोपऱ्यावरच्या सलीमभाई संत्रेवाल्यांना तिथं दिसल्या, त्यांनीच घरी आणलं.

"महाराजांच्या दर्शनाले गेली होती," काकू म्हणाल्या.

आम्ही म्हटलं, केवढी भक्ती! पिशवीत भाच्यासाठी घेतलेला चिवडा तसाच होता.

*

काकूंचे यजमान रिटायर्ड मास्तर, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. "काकू, आज भाजी काय?" विचारलं की गुरुजी उत्तर देणार, "वांगं." मी गल्लीभर केलं, "गुरुजी बाईले तोंड उघडू देत नाहीत!"

मग एकदा साखरेचं निमित्त काढून मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. प्रत्येक डब्यावर मास्तरी अक्षरात चिठ्ठी. तिखट. हळद. शेगडीच्या वर, "बंद केली का?"

मागे गुरुजी उभे. "कोनाले सांगू नको बाई. वय झालं तिचं, बाकी काही नाही."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात काही राहिलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी मीच गेले. "गुरुजी, अकोल्याच्या माझ्या आत्याचंही असंच सुरू झालं होतं. आमी वय वय म्हणत बसलो. दवाखान्यात नेलं तेव्हा लय उशीर झाला होता."

*

दवाखान्यात मीही गेले. मी घरी कशी बसणार! डॉक्टरांनी कोरा कागद दिला. "आजी, घड्याळ काढा, दहा वाजून दहा मिनिटांचं."

"घड्याळ गुरुजींच्या हातात हाय, त्यायले विचारा!"

डॉक्टरही हसले. मग काकूंनी गोल काढला. आकडे सगळे एकाच बाजूला. जन्मभर पोरांना घड्याळ शिकवलेले गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते.

सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "अल्झायमरची सुरुवात आहे. पूर्ण बरा होत नाही. पण लवकर आणलंत, गोळ्या चालू करू. अन् त्यांची रोजची कामं हातातून काढून घेऊ नका."

*

यंदा कुरोड्यांच्या दिवशी गुरुजी हळूच म्हणाले, "तिले मिठापाशी बसवू नका."

पण काकू आल्या. गंजापाशी बसल्या, मूठ उघडली, मीठ पडलं. मग डब्याचं झाकण लावून डबा माझ्या हातात दिला. "हा तुह्यापाशी ठेव. मी मांगितला तरी देऊ नको."

हिंग पडला. आधण उकळायला लागलं.

"मीठ दे वं," काकू म्हणाल्या.

मी डबा पदराखाली धरला. "देत नाही, काकू."

"काहून?"

"एका बाईनं सांगितलं हाय, देऊ नको म्हणून."

"कोन बाई?"

"तुमीच."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग वाफेकडे.

"मंग बरोबर सांगितलं तिनं," म्हणाल्या, आणि चीक ओतायला घेतला.