कप्तानाच्या नावापुढचा बदाम

आमच्या बेटावर, पांगाई बंदरावरच्या बोटीच्या कचेरीत कोलोतिना अठरा वर्षं उतारूंच्या याद्या छापत होती. मी पलीकडच्या खिडकीत डुकरं, सुरण, चटया उतरवून घ्यायचो. बाई बिनलग्नाची, जिभेची तिखट. तिची चूक काढायची कुणाची छाती नव्हती.

राजधानीहून, नुकुआलोफाहून, नवा कॉम्प्युटर आला आणि त्याच आठवड्यात बोटीचा कप्तान इसिलेली यादी घेऊन खिडकीशी उभा राहिला.

"कोलो, हे काय गं?"

यादीच्या माथ्यावर त्याच्या नावापुढे ठसठशीत बदाम छापला होता. पत्त्यांतला असतो तसा.

कप्तान विधुर. दुपारपर्यंत अख्ख्या पांगाईने त्यांचं लग्न लावून टाकलं. संध्याकाळी कावा, म्हणजे आमचं मुळ्यांचं पेय, पिण्याच्या बैठकीत लग्नाच्या जेवणाला डुकरं किती लागतील यावर वादही झाला. खोटं कशाला बोलू, चार डुकरं मीच सुचवली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब, म्हणजे फिलिमोने, गरजले, "प्रिंटर म्हातारा झालाय. पेटीत घाला आणि पाठवा राजधानीला!"

"म्हातारी तर मीही झालेय. मलाही पेटीत घालता?" कोलोतिनाने विचारलं. साहेब खोलीत गेले.

तिने आधी शाईची फीत बदलली. बदाम आणखीच काळाभोर उमटला. मग कॉम्प्युटरची वायर काढून प्रिंटरला एकट्यालाच त्याची चाचणी छापायला लावली. सगळी अक्षरं स्वच्छ.

"हा शहाणा आहे. कुणीतरी याचे कान भरतंय."

वायर बदलली, तरी बदाम हटेना. तेव्हा ती पेन्सिल घेऊन यादीवर बसली. बासष्ट नावं, सतरा बदाम.

"ए, इकडे ये. हे बघ, रेव्हरंड अलिपातेंनाही बदाम! त्यांच्यावरही माझा जीव जडलाय का रे?"

"बाई, तुमचं मन मोठं आहे," मी म्हणालो. पेन्सिल माझ्या डोक्यात बसली.

पण तिला धागा सापडला होता. बदाम फक्त इसिलेली, अलिपाते अशा नावांना होते, जी आमच्या भाषेत उच्चारताना सुरुवातीला घसा किंचित अडतो आणि जी लिहिताना आम्ही आधी उलटा स्वल्पविराम काढतो. कोलोतिना, फिलिमोने ही नावं कोरडीच. कॉम्प्युटर त्या खुणेसाठी जो आकडा पाठवत होता, त्या आकड्याला आमच्या प्रिंटरच्या तक्त्यात बदाम होता. तिने कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरांची यादी उघडली. बसवणाऱ्याने भलत्याच प्रिंटरचं नाव निवडून ठेवलं होतं. तिने आपल्या प्रिंटरचं निवडलं आणि पुन्हा छापलं. सतराच्या सतरा खुणा जागेवर.

कप्तान नवी यादी न्यायला आला. बराच वेळ आपलं नाव बघत राहिला.

"गेला वाटतं?"

"गेला. लोकांची तोंडं बंद झाली."

"हं." त्याने यादीची घडी घातली. "मला काही त्रास नव्हता त्याचा."

कोलोतिना माझ्याकडे वळून खेकसली, "तू काय बघतोस? डुकरं मोज!"

शुक्रवारी कप्तान परत आला. यादी तयार होती, पण त्याला दुसरंच विचारायचं होतं. रविवारी चर्चमधून निघाल्यावर ती त्याच्या बहिणीकडे जेवायला येईल का?

"येईन," ती म्हणाली. "पण सुरण मी भाजणार. तुमची बहीण कच्चे ठेवते."