बाळंतिणीची कोपी

बोरीच्या कुसुमबाईंनी आमच्या भागातल्या निम्म्या पोरांना पायांवर घेऊन न्हाऊ घातलंय. डोकी दाबून गोल केलीत, नाकं ओढून सरळ केलीत. मीही त्यातलाच. माझं डोकं असं चपटं का राहिलं म्हणून विचारलं, की म्हणायच्या, तू लय वळवळ करायचास.

त्यांचा कायदा एकच होता. बाळंतिणीला वारं लागता कामा नये. कानाला फडकं, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी आणि दाराखिडक्यांच्या फटींत चिंध्या. चाळीस वर्षं तो बिनबोभाट चालला, कारण आमच्याकडची घरं मातीची आणि पत्र्याची. कितीही बुजवा, पत्र्याखालून हवा यायचीच. बाई फटी बुजवत राहिल्या आणि ती पडकी घरं गुपचूप माणसं जगवत राहिली. हे शहाणपण मला आज सुचतंय.

गेल्या डिसेंबरात पारा पाच-सहावर उतरला होता. कुसुमबाईंची नात वैष्णवी तेव्हा पहिल्या खेपेची बाळंत झाली. मुलगा झाला. तिचा नवरा नागेश ऊसतोडीच्या टोळीत होता, टोळी पाथरीजवळच्या माळावर उतरलेली. फड सोडून कुणाला हलता येईना, म्हणून दवाखान्यातून सुटल्यावर तिला तिथंच कोपीत आणलं आणि तिचं करायला कुसुमबाई येऊन राहिल्या. कोपी म्हणजे बांबूच्या कमानींवर घट्ट ताणलेली प्लास्टिकची ताडपत्री. आत नीट उभंही राहता येत नाही.

पाथरीत माझं गॅसशेगडी दुरुस्तीचं दुकान आहे. नागेश छोटा सिलिंडर घेऊन आला आणि त्याच्या तोंडावर बसणारा जाळीचा हिटर घेऊन गेला. धूर होतो का, एवढंच त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. खोटं काहीच बोललो नाही. पण हा हिटर बंद जागेतली हवा खातो, त्यातून निघणाऱ्या विषाला ना रंग ना वास, तो पेटवला की वर-खाली हातभर फट उघडी ठेवायची आणि तो चालू ठेवून कधी झोपायचं नाही, हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. समोर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. मी गप्प बसलो. त्या दोन मिनिटांसाठी मला माझी अजून चीड येते.

तिसऱ्या दिवशी वैष्णवीचं डोकं ठणकायला लागलं. मळमळायला लागलं. दुपारी उन्हात बसली की बरं वाटायचं, आत गेली की पुन्हा तेच. कुसुमबाईंनी त्यावरून काढायचा तोच अर्थ काढला: पोरगी बाहेर बसते, तिला वारं लागलं. त्यांनी ताडपत्रीच्या कडेला आतून गोणपाट ठासलं, वरून चिखल लावला, बांबूजवळची भोकं चिंध्यांनी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे फडावर गेले. कुसुमबाईंनी हिटर पेटवला, दाराचा पडदा बाहेरून बांधला आणि त्या चुलीवर न्हाणीचं पाणी तापवत बसल्या. घंटाभरानं पडदा सोडला. वैष्णवी ओकारीत बेशुद्ध पडली होती आणि तिचा हात बाळाच्या छातीवर होता. बाईंच्या हाका ऐकून फडावरची माणसं धावत आली आणि तिला ओढून बाहेर आणलं. मोकळ्या हवेत ती दुपारपर्यंत माणसात आली. बाळ गेलं होतं.

तो हात सगळ्यांनी पाहिला. झोपेत अंगाखाली घेतलं, असं तिची सासू रुख्मिणीबाई म्हणाली. दोन दिवसांत टोळी तेच बोलायला लागली आणि वैष्णवीलाही ते पटलं. तिनं खाणं सोडलं. आठवडा झाला की तिला कायमचं माहेरी धाडायचं, असं सासूनं ठरवलं. नागेश हो म्हणेना, नाही म्हणेना.

सातव्या दिवशी कुसुमबाई हिटर परत द्यायला दुकानात आल्या. मी विचारलं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. डोकेदुखीचं ऐकलं आणि माझा तोल गेला. चाळीस वर्षं मोठ्या बाईवर मी ओरडलो. "मावशी, ती डोकं दुखतंय म्हणायली अन् तुमी फटी बुजवायल्या?"

मग त्यांना हिटरचं सांगितलं, माझ्या गप्प बसण्याचंही सांगितलं. त्या पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. हिटर पुन्हा उचलला आणि म्हणाल्या, "पोरीला उद्या काढून द्यायलेत. चल."

वाटेत मी म्हणालो, मीच सांगतो, तुम्ही बोलू नका. गॅसनं गेलं एवढं कळलं तरी पोरगी सुटेल. कोपी कुणी बुजवली ते कशाला काढायचं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, मानलं.

कोप्यांसमोर माणसं जमली. मी हिटर मध्ये ठेवला आणि तो काय करतो, ते सांगितलं. माझा दोष सांगितला. रुख्मिणीबाई म्हणाली, सगळ्या कोप्यांत काही ना काही पेटतंय, मग हिचंच लेकरू कसं गेलं? उत्तर द्यायचं तर कोपी कुणी बुजवली ते सांगावं लागणार होतं. मी कुसुमबाईंकडे पाहिलं.

कुसुमबाई उठल्या. "बाकीच्या कोप्यांला फटी हायत. हिची म्या बुजवली. हिचं डोकं दुखाय लागलं तव्हा अजून बुजवली. पडदाबी म्याच बांधला. लेकरू माझ्या हातानं गेलंय."

वैष्णवी कोपीच्या तोंडाशी बसली होती. सात दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. "मंग म्या न्हाई मारलं त्याला?"

"न्हाई माय."

वैष्णवी ऊर फुटेस्तोवर रडली. रुख्मिणीबाईनं तिला जवळ घेतलं, भाकर कुस्करून भरवली, आणि ती जेवली. कुसुमबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. वैष्णवीनं त्याच्याकडे पाहिलं आणि सासूला म्हणाली, "आत्या, पाणी तुमी द्या."